'लाइक'ला आयएनजी लागत नाही!

माझ्या भाचीचं ठरत आलेलं लग्न मी एका क्रियापदावरून मोडत आणलं होतं.

मी शाळेत इंग्रजी शिकवायचो. (निवृत्त झालो, पण सवय निवृत्त झाली नाही.) चित्राला बघायला तोंडवलीहून मंडळी तारकर्लीला माझ्या बहिणीकडे आली. मुलगा जहाजावर नोकरीला. चहा आणि खाजं पुढे आलं आणि मामा या नात्याने मी म्हणालो, "जहाजावर इंग्रजीच ना? बोला बघू!"

मुलगा बिचारा सावरून बसला. "आय ॲम हॅविंग वन सिस्टर."

"आय हॅव!" माझं बोट आपोआप वर गेलं. "असणं, माहीत असणं, आवडणं, या क्रियापदांना आयएनजी लागत नाही!"

"आय ॲम नोइंग कुकिंग ऑल्सो."

"आय नो!"

"नो?" मुलाची आई दचकली. "नो कित्याक? झिलाक रांधूक येता, ता वायट?"

बहिणीने मला डोळे दाखवले. मला ते दिसले नाहीत. मी पुढच्या चुकीची वाट बघत होतो! मुलाने चित्राकडे पाहिलं, घाम पुसला आणि म्हणाला, "आय ॲम लायकिंग हर."

चित्रा लाजली. बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मी ओरडलो, "राँग!"



"राँग?" मुलाचे वडील उठलेच. "माझ्या झिलाक चेडू आवडला, ह्येत राँग काय? चला गो, उठा!"

"दादा, शाळा सुटली रे तुझी! आता तरी गप रव!" बहीण रडकुंडीला आली. मी चपलाही न घालता त्यांच्यामागे अंगणाच्या बेड्यापर्यंत, फाटकापर्यंत धावलो. "अहो, चूक मुलाची नाही, क्रियापदाची आहे!"

"आमचो झील काय क्रियापद आसा?" वडील गरजले. सगळे शेजारी कुंपणाला येऊन उभे. जमीन दुभंगावी असं वाटलं, पण पायाखाली नुसती वाळू!

तेवढ्यात चित्रा मला बाजूला सारून पुढे आली. मुलाला म्हणाली, "तुमी माका पसंत आसात. आता मालवणीतून सांगा."

"माका पण," तो म्हणाला. वडिलांनी चपला पुन्हा काढल्या.

साखरपुड्याला बहिणीने पाहुण्यांना माझी ओळख करून दिली, "हे आमचे दादा. शाळेत गणित शिकवायचे."

मी मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्याची चूक मी दुरुस्त केली नाही.