चांभारचौकशा

"पुरे की आता तुझ्या चांभारचौकशा!"

अनिरुद्ध मराठीत बोलला. माझ्या हातात एक तपकिरी बूट होता आणि मी तो उलटा धरून तळ आणि कातडं जिथे जोडलंय ती कडेची पट्टी बघत होतो. त्याची बायको मुग्धा खळखळून हसली. "सोड रे त्या बिचाऱ्याला, घाम फुटला त्याला," ती म्हणाली. दुकानदार डच, सत्तरीचा. त्याला शब्द कळला नाही. सगळे हसतायत म्हणून तोही हसला.

मीही हसलो.

हे आधीच लिहून टाकतो. शेवटी लिहायचं ठेवलं तर मी ते गाळीन. मी सौदे करून पोट भरणारा माणूस आहे. आपली कमकुवत बाजू कागदावर कुठे लपवायची, ते मला चांगलं कळतं.

आइंडहोवनच्या एका कंपनीत मी खरेदी बघतो. मशीनचे सुटे भाग बनवणारे लोक माझ्यासमोर बसतात आणि मी त्यांना प्रश्न विचारून हैराण करतो. माझा आवाज चढतो, हे सगळ्यांना माहीत आहे. अनिरुद्ध त्याच कंपनीत इंजिनिअर. सात वर्षांची ओळख. दर शुक्रवारी एकत्र जेवण, एकमेकांच्या घराच्या किल्ल्या एकमेकांकडे. माझं आडनाव गावावरून आलंय, त्यातून काही कळत नाही. माझी भाषा मी कॉलेजातच घासूनपुसून घेतली होती. अनिरुद्धने सात वर्षांत कधी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्याने गृहीत धरलं, आणि मी त्याला गृहीत धरू दिलं.

त्या शनिवारी त्याला जुन्या बुटांना नवे तळ लावायचे होते आणि मला आयुष्यातले पहिले चांगले बूट घ्यायचे होते. आइंडहोवनपासून अर्ध्या तासावरचं गाव. दुकानाच्या मागच्या खोलीतच काम चालायचं. दार उघडलं आणि वास आला. कातडं, मेण, चिकटवायची खळ. मी दोन मिनिटं उंबऱ्यातच उभा राहिलो. माझी अकरा वर्षांची मुलगी सई माझा हात ओढत म्हणाली, "बाबा, कम ऑन."

दुकानदाराचं नाव टून. त्याने चार जोड समोर ठेवले. मी एकेक हातात घेतला. बूट वाकवला, वाकला तिथे कातड्याला बारीक सुरकुत्या पडतात की जाड घड्या, ते पाहिलं. जाड घडी म्हणजे पोटाकडचं कातडं, लवकर ढिलं पडतं. जीभ बाहेर काढून तिच्या मागची बाजू बघितली, कारण तिथे कुणी पॉलिश करत नाही, तिथे कातडं खोटं बोलत नाही. टाचेवर नख मारलं. मग विचारायला लागलो. ही पट्टी कातड्याची की दाबलेल्या पुठ्ठ्याची? आतल्या तळव्याखाली काय भरलंय? टाच खिळ्यांवर आहे की नुसती चिकटवलीय? एकाच जनावराच्या कातड्यातले दोन्ही पाय आहेत का?

टून प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होता, आणि दर उत्तरागणिक त्याचा चेहरा उजळत होता. तेव्हा अनिरुद्ध ते बोलला.

"बाबा, व्हॉट इज चांभार?" सईने विचारलं. तिला मराठी कळतं, बोलत नाही.

टूनने अनिरुद्धला विचारलं, "काय म्हणालास तू?"

"काही नाही," अनिरुद्ध इंग्रजीत म्हणाला, "आमच्याकडे असं म्हणतात. म्हणजे फार प्रश्न विचारणं."

"फालतू प्रश्न," मुग्धाने दुरुस्ती केली. "शब्दशः म्हणजे चपला शिवणाऱ्याचे प्रश्न."

टूनच्या कपाळावर आठ्या आल्या. "पण हे बरोबर प्रश्न आहेत," तो म्हणाला. "चाळीस वर्षांत एवढं नीट कुणी विचारलं नाही." मग माझ्याकडे वळला. "तुला कुणी शिकवलं?"

एक शब्द पुरे होता. वडिलांनी.

"इंटरनेटवर पाहिलं," मी म्हणालो.

माझे वडील, अण्णा, तालुक्याच्या एस.टी. स्टँडसमोर बसायचे. खाली पोतं, वर निळी ताडपत्री. भोकं पाडायची आरी, कातडं कापायची रापी, मेण लावलेला दोरा आणि पायाच्या आकाराचे लाकडी फरमे. शाळा सुटली की मी तिथेच बसून अभ्यास करायचो. आमचे हेडमास्तर यायचे. चप्पल पायातून काढून ते अंगठ्याने उडवायचे, अण्णांच्या हातात द्यायचे नाहीत. चप्पल कधी पोत्यावर पडायची, कधी माझ्या वहीवर. अण्णा वही पुसून माझ्याकडे द्यायचे आणि मग चप्पल उचलायचे. शिवता शिवता मला दाखवायचे. हे पोटाकडचं, हे पाठीचं. हा टाका नुसता दिसायला, हा टाका टिकायला. मी डोळे पुस्तकात ठेवून सगळं ऐकत होतो. मला त्यातलं काहीही नको होतं, पण सगळं लक्षात राहिलं.

टूनने आता अनिरुद्धचे जुने बूट टेबलावर घेतले. उजवा बघून बाजूला ठेवला. डावा घेतला, चष्मा वर केला आणि दिव्याखाली धरला.

"हे मी केलेलं नाही," तो म्हणाला.

पुढच्या बाजूला, करंगळीपाशी, पट्टीचे काही टाके वेगळे होते. दोरा थोडा काळसर. टूनने नखाने मोजले. अकरा.

"हे हाताने शिवलंय. एकाच छिद्रातून दोन्हीकडून दोरा घेतलाय. बाकी सगळीकडे दोरा झिजला, इथे हललासुद्धा नाही." मग तो डच शब्द बोलला, "फाकवेर्क." कसबी हाताचं काम. "कुणाचं आहे?"

"काय माहीत," अनिरुद्ध म्हणाला. "तुमच्याकडेच झालं असेल कधीतरी."

मला माहीत होतं.

दोन दिवाळ्यांपूर्वी अण्णा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. घरी फराळाला वीसेक माणसं. दारात चपला-बुटांचा ढीग. अनिरुद्धने अण्णांना विचारलं होतं, "काका, तुम्ही काय करायचात?" अण्णांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "लेदरच्या बिझनेसमध्ये होते." अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि चिवड्याची बशी उचलली.

थोड्या वेळाने ते दिसेनात. दारात गेलो तर फरशीवर मांडी घालून बसले होते. मांडीवर अनिरुद्धचा बूट, हातात आरी. ती आरी त्यांनी हत्यारांच्या छोट्या पिशवीसकट सामानात कपड्यांच्या घडीत लपवून आणली होती, मला न सांगता. गुडघ्यात बूट दाबून, दोन्ही हात दोन्हीकडे फाकवून दोरा ओढत होते. आल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल दिसत होता.

मी दार ओढून घेतलं आणि दबक्या आवाजात म्हणालो, "इथं तरी चांभारकी सोडा, अण्णा."

मी म्हणालो. तो शब्द माझ्या घरात अनिरुद्धने आणला नाही.

अण्णांनी शेवटचा टाका ओढला, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला. "टाका सुटला हुता रं," ते म्हणाले. "पाणी शिरलं असतं त्याच्या पायात." बूट होता तिथे नेऊन ठेवला, जोडीला जोड लावून. त्या दिवसानंतर कुणी घरी आलं की ते आपणहून वरच्या खोलीत जाऊन बसायचे.

त्यांची हत्यारांची पिशवी मी उचलली आणि मागच्या शेडमध्ये सायकलींच्या पलीकडे टाकली. परत गेल्यावर त्यांनी फोनवर विचारलं, "माझी आरी ऱ्हायली का रं तिकडं?" मी म्हणालो, नाही दिसली. वाटलं, हत्यार नसेल तर स्टँडवर बसणं तरी बंद होईल. त्यांनी आणखी दोनदा विचारलं. मग विचारायचं सोडलं. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलेलं होतं.

"बस," टून मला म्हणाला. "पाय बघू."

मी बसलो. तो गुडघ्यांवर खाली बसला. माझा मोजा नीट केला, टाच तळहातावर घेतली आणि अंगठ्याने माझा अंगठा कुठवर येतो ते दाबून पाहिलं. मग जमिनीवर कागद ठेवून पायाभोवती पेन्सिल फिरवली. एका पायाभोवती, मग दुसऱ्या. "दोन पाय कधी सारखे नसतात," तो म्हणाला.

अण्णा हेच वाक्य बोलायचे. जुन्या वहीच्या पाठकोऱ्या कागदावर पेन्सिल फिरवत. पण ज्यांचे पाय ते मापायचे त्यातली अर्धी माणसं पाय हातात देत नव्हती, नुसता जोडा पाठवून द्यायची.

माझा पाय एका म्हाताऱ्याच्या हातात होता आणि मला तो ओढून घ्यावासा वाटला. खुर्चीत बसायचा हक्क माझा नव्हता. टूनने वर पाहिलं. "दुखतंय?"

"ते अकरा टाके माझ्या वडिलांनी घातलेत," मी म्हणालो. इंग्रजीत म्हणालो, म्हणजे टूनला कळावं. मग अनिरुद्धकडे वळून मराठीत. "अण्णांनी. आमच्या दारात बसून, तू आत फराळ करत होतास तेव्हा. ते चांभार होते. स्टँडसमोर बसायचे. मीही चांभार आहे. चौकशा माझ्याच आहेत."

मुग्धा आधी बोलली. "अरे, ती एक म्हणायची पद्धत आहे रे. मनावर कशाला घेतोस?"

"मला खरंच माहीत नव्हतं," अनिरुद्ध म्हणाला. "माहीत असतं तर तुझ्यासमोर बोललो असतो का?"

"माझ्यासमोर नसतास बोलला."

त्याचे कान लाल झाले. तो टेबलापाशी गेला, आपल्या डाव्या बुटाकडे पाहिलं आणि टूनला म्हणाला, "ती पट्टीच पूर्ण बदला. उगाच अर्धी जुनी, अर्धी नवी नको."

टून म्हणाला, गरज नाही. एवढा भाग तर सगळ्यात पक्का आहे.

"नको. बदलाच."

का म्हणाला, ते त्याचं त्याला माहीत. लाज वाटली असेल. मी त्याला लाज वाटल्याची सूट देऊ शकलो असतो. सौद्यात मी नेहमी समोरच्याला एक वाट ठेवतो, ती माझी रीत. त्या दिवशी ठेवली नाही.

"बदल," मी म्हणालो. "पण तुझ्या पायातून काढलेली ती पट्टी माझी. आणि घराची किल्ली सोमवारी ऑफिसात आणून दे."

माझ्या बुटांचा भाव मी केला नाही. टूनने सांगितली ती किंमत दिली. अण्णांच्या कामाचा भाव अख्ख्या गावाने पाडला, आणि वर त्यांच्या मुलाने.

परतीच्या गाडीत सई खिडकीला टेकून बसली होती. म्हणाली, "आजोबा वॉज अ स्खूनमाकर?" जोडे बनवणाऱ्यासाठीचा डच शब्द तिने सहज वापरला. तिच्या वर्गातल्या एका मुलीचं तेच आडनाव आहे. दारावर पितळी पाटीवर लिहिलेलं.

"हो."

"अँड यू सेड इंटरनेट."

"हो."

"व्हाय?"

मला लाज वाटत होती, असं मी तिला सांगितलं. तिने पुढे विचारलं, मीही चांभार आहे का? आहेस, मी म्हणालो. "ओके," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. त्या ओकेचं ओझं तिला अजून माहीत नाही. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कळेल. कुणीतरी गोड आवाजात विचारील, आजोबा काय करायचे गं तुझे?

सोमवारी किल्ली टेबलावर होती. खाली चिठ्ठी. 'तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी.' त्यातला 'असेल तर' मी दोनदा वाचला. करारात असा शब्द आला की मी कागद परत पाठवतो. हाही पाठवला.

तीन आठवड्यांनी बूट आणायला गेलो. टूनने लिफाफ्यात पट्टी ठेवली होती. बोटाएवढा तुकडा, अकरा टाके, एकही तुटलेला नाही. ते मी अण्णांना दाखवू शकत नाही. अण्णा, तुमचं काम इथल्या एका कारागिराने दिव्याखाली धरून मोजलं, हे सांगायला फोन नाही. आरी सापडली, हेही सांगता येत नाही. शेडमध्ये ओल फार असते. टोक गंजलंय. लाकडी मूठ मात्र अजून गुळगुळीत आहे, त्यांच्या तळहाताच्या आकाराने एका बाजूला झिजलेली. माझ्या हातात ती नीट बसत नाही.

गंज घासून काढलाय. दोऱ्याला मेण लावायला रोज संध्याकाळी बसतो. माझे टाके वाकडे येतात. सई समोर बसून बघते, प्रश्न विचारते. मी तिला अडवत नाही.

येत्या दिवाळीला फराळाचं बोलावणं त्याच वीसेक माणसांना गेलंय. अनिरुद्धलाही. खाली सईने माझ्याकडून अक्षरं शिकत मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलंय की दारात सईचे बाबा बसलेले असतील, आजोबांची आरी घेऊन, आणि ज्याचा टाका सुटला असेल त्याने पायताण त्यांच्या हातात द्यावं. उडवू नये.

ज्याला हे जमणार नाही, त्याने येऊ नये. मी दारातून उठणार नाही.