पाणचटला एक मत

आठ माणसं, एक बंकर, नव्वद दिवस आणि बीअरचा एक थेंब नाही. अशा ठिकाणी तीन आठवडे बीअरवरून भांडण चाललं होतं. ते मिटवायचं मी, कारण मी हवालदार आणि सेक्शन कमांडर. उत्तरेच्या सरहद्दीवरची ती पोस्ट तेरा हजार फुटांवर होती. सकाळी ०५३० ला स्टँड-टू, म्हणजे शस्त्रं घेऊन मोर्चावर सज्ज, मग चहा, शस्त्रांची सफाई, फावड्याने बर्फ काढून वाट मोकळी करणं, ०९०० ला वायरलेसवर रिपोर्ट. त्यानंतर दिवस उरायचा आणि बोलायचे विषय संपलेले असायचे. घरचं काढलं की माणूस हळवा होतो. म्हणून बीअर.

यातला एकही पट्टीचा पिणारा नव्हता, हे आधीच सांगतो. पीस स्टेशनला, म्हणजे खाली छावणीत असताना महिन्यातून एक-दोनदा, व्हॉलीबॉलची मॅच झाली की माणशी एक बाटली. तेवढ्यावर हे सगळे तज्ज्ञ झाले होते. चार प्रकार मिळायचे आणि कंपनीचं नाव कोणी घेत नसे. लाल लेबलची ती लाल, हिरव्या बाटलीतली ती हिरवी, दुसऱ्या दिवशी डोकं धरायला लावणारी ती कडक आणि चौथी पाणचट. पाणचट कोणालाच आवडत नव्हती. कपडे धुतल्यावर बादलीत उरतं ते पाणी, असं आमचा कुक नायक शिंदे म्हणायचा.

तिच्या बाजूने एकटा लान्स नायक राठोड. तो माझ्याच जिल्ह्यातला. मी दिग्रसचा, त्याचा तांडा तिथून सायकलच्या अंतरावर. ड्यूटीवर मला उस्ताद म्हणायचा, ड्यूटी संपली की भाऊ. "बाकीच्या पेल्यावर दुसऱ्या दिवशी परेडले डोकं कोन नेईन?" असं त्याचं म्हणणं. सगळे त्याच्यावर तुटून पडायचे आणि तो मजेत एकेकाला उत्तर द्यायचा. पीस स्टेशनला त्याचा ग्लास शेवटपर्यंत भरलेला दिसायचा. सावकाश पिणारा गडी, असं आम्ही समजत होतो.

भांडणाचा मला वीट आला. सकाळी तेच, संध्याकाळी तेच, रायफल साफ करताना तेच. शेवटी मी रेशनच्या लाकडी पेटीचं झाकण घेतलं, मार्करने चार रकाने आखले आणि हुकूम काढला. प्रत्येकाचं एक मत. जी जिंकेल तिचे दोन क्रेट खाली उतरल्यावर माझ्या खर्चाने. त्यानंतर या विषयावर जो बोलेल तो आठवडाभर बर्फ वितळवून पाणी भरेल.

माझ्यासकट आठ मतं पडली. लालला तीन, हिरवीला तीन, शिंदेचं कडकला एक, राठोडचं पाणचटला एक. म्हणजे भांडण मिटायच्या ऐवजी दुप्पट झालं. आगीतून उठून फुफाट्यात. शिंदे हट्टी, तो हलणार नव्हता. त्यामुळे सगळे राठोडच्या मागे लागले. लालवाल्यांनी त्याला चॉकलेट दिलं, हिरवीवाल्यांनी लोकरी मोजे दिले. त्याने चॉकलेट खाल्लं, मोजे घातले आणि विचार करून सांगतो म्हणाला. पाणी भरायची शिक्षा मी सातपैकी पाच जणांना देऊन चुकलो होतो.

एके दिवशी १२०० ला राठोड तीन जवान घेऊन लिंक पेट्रोलवर निघाला. शेजारच्या पोस्टपर्यंत जायचं आणि परत यायचं. मध्ये एक नाला, त्याच्या वरच्या उतारावर ताजा बर्फ. आदल्या दोन दिवसांत खूप पडला होता. मी त्याला सांगितलं, नाला एकेकाने पार करायचा, अंतर ठेवायचं, आवाज करायचा नाही. तो म्हणाला, जी उस्ताद.

वायरलेसवर मी स्वतः बसलो होतो. सिव्हिलमधल्या लोकांसाठी सांगतो. त्या सेटवर सगळ्यांना मिळून एकच वाट असते. तिला आम्ही नेट म्हणतो. एक बोलत असला की दुसऱ्याला बोलता येत नाही. म्हणून कामाचं बोलायचं आणि आउट म्हणून वाट सोडायची.

१२२५ ला त्याचा आवाज आला. सेटवर आमची पोस्ट टायगर, त्याची तुकडी थ्री.

"टायगर, थ्री बोलतोय. नाल्यापाशी पोचलो. सगळे ठीक. ओव्हर."

"रॉजर थ्री. एकेकाने पार करा. ओव्हर."

"रॉजर. भाऊ, आनखी एक. थ्या बीअरचं मत मी बदलवून राह्यलो. सगळ्याइले सांगून द्या, मी..."

माझ्या मागे तिघे कान टवकारून उभे होते. मला संताप आला. नाल्याच्या तोंडाशी उभा राहून हा माणूस बीअर काढतो.

"नेट मोकळा ठेव, राठोड. आउट."

"रॉजर, उस्ताद. आउट."

१२३८ ला उतारावरचा बर्फ सुटल्याचा आवाज झाला. तो ऐकलेला माणूस विसरत नाही. आम्ही बाहेर आलो तेव्हा नाल्यावर पांढरी धूळ उडत होती. मी सेटवर थ्री, थ्री करून हाक मारत राहिलो. उत्तर आलं नाही. १२५५ ला आम्ही दोर, फावडी आणि बर्फात खुपसायच्या काठ्या घेऊन तिथे पोचलो. दोघे नाला पार करून पलीकडे उभे होते. तिसरा पलीकडच्या काठाशी कमरेपर्यंत गाडला गेला होता, त्याला अर्ध्या तासात काढला. राठोडने सगळ्यांना आधी पाठवलं होतं आणि तो शेवटी निघाला होता. तो तिसऱ्या दिवशी १५४० ला मिळाला. पायात हिरवीवाल्यांनी दिलेले मोजे होते.

मी बोललो ते ड्रिलप्रमाणे बरोबर होतं. चौकशीतही कोणी मला काही म्हटलं नाही. आजही एखादा जवान असा बोलला तर मी हेच म्हणेन. तरी त्याच्याशी माझं शेवटचं बोलणं तेच झालं, आणि ते मला बोचतं. खाली उतरल्यावर क्रेट कोणी मागितले नाहीत. झाकण मी होल्डॉलमध्ये घालून घरी आणलं.

आता मी रिटायर आहे. दिग्रसजवळ शेत आहे, शेतात टिनाचं शेड आहे. कॅन्टीनच्या कार्डावर थोडी बीअर मिळते. ती मिळते हे गावात कळलं तिथेच माझं चुकलं. रविवारी दुपारी माझा मेहुणा प्रकाश आणि शाळेतले देशमुख सर हजर होतात. दोघे मिळून महिन्याला चार बाटल्या पीत नाहीत, पण बोलणं असं की जणू दोघांनी कारखाना काढलाय. प्रकाशला कडक पाहिजे, सरांना ती वासानेच चालत नाही. सरांना हिरवी आवडते, प्रकाशच्या मते ती बायकांनी शरबत म्हणून प्यावी. उथळ पाण्याला खळखळाट फार. पाणचटच्या बाबतीत मात्र दोघांचं एकमत, ती सगळ्यात टुकार. मी सोयाबीनकडे बघत बसतो.

पाणचट मी तरीही घ्यायचो. आमच्याकडे अक्षय तृतीयेला गेलेल्या माणसाला त्याच्या आवडीचं वाढतात. मी तांड्यावर पहिल्यांदा गेलो तेव्हा राठोडच्या वडिलांनी, बापूंनी, विचारलं होतं, तिकडे त्याला काय आवडायचं. मी बीअर म्हणालो. तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी मी पाणचटची एक बाटली नेतो आणि त्याच्या फोटोपुढे ठेवतो. दर वर्षी वाटतं, चुकीची आणली. त्याने मत बदललं होतं. कोणतं, ते मी ऐकून घेतलं नाही.

यंदा कॅन्टीनमध्ये पाणचट नव्हती. येणंच बंद झालं म्हणे. प्रकाश आणि सरांना विचारलं तर दोघांनी आपापली सांगितली आणि त्यावर तासभर भांडले. शेवटी मी लाल आणि हिरवी दोन्ही घेऊन गेलो.

बापूंनी दोन बाटल्या बघितल्या आणि दोन कशाला म्हणून विचारलं. मग मी सांगितलं. झाकणाचं, मतांचं, सेटवरचं. नेट मोकळा ठेव म्हटल्याचं. इतक्या वर्षांत मी ते त्यांना सांगितलं नव्हतं, हिंमतच झाली नव्हती. 

बापू म्हणाले, "भाऊ, थो बीअर पेतच नव्हता."

मग पाणचटच्या बाजूने तो का भांडायचा, मी विचारलं.

"काकाच्या लग्नात एक घोट घेतलता, थुकून देल्ला. मी म्हटलं, मंग तिकडं कायले घेतं? तं म्हने, बापू, तिथं सारे भांडत राह्यतात, मजा येते. कोनाले न आवडे ते मी धरतो. मी पार्टी सोडली तं भांडन संपून जाईन, मंग पोरं घरचं काढतात आन् रडत बसतात."

राठोडची याडी, म्हणजे आई, आतून आली. तिने दोन्ही बाटल्या उचलून बाजूला ठेवल्या आणि फोटोपुढे गुळाच्या चहाची कपबशी ठेवली. इतकी वर्षं माझा मान राखून ती गप्प राहिली होती. मी गेल्यावर ती दर वर्षी हाच चहा ठेवायची, असं बापूंनी सांगितलं.

सेटवर तो काय सांगणार होता, ते मला आता कळणार नाही. लाल म्हणणार असेल, हिरवी म्हणणार असेल, नाहीतर मी पीतच नाही म्हणून टाकणार असेल. एवढं खरं की ती पोस्ट त्याने तीन आठवडे सांभाळली, आणि मी त्याला बडबड्या समजत होतो.

पुढच्या रविवारी प्रकाशने बाटली उघडली आणि कडकचं पुराण लावलं. तेच, शब्दन्‌शब्द. देशमुख सर मान हलवत आपली पाळी कधी येते याची वाट बघत होते. आता पुरे, हे माझ्या तोंडात आलं होतं. ते बघून प्रकाश थांबला.

"काहून भाऊजी, बंद करू का?"

"नाही," मी म्हणालो. "बोल. नेट मोकळा आहे."