चावून घेतलेल्यानं ठेवलेली बडदास्त

देवासाठी दुसऱ्याच्या अंगणातली फुलं-पानं तोडली तर ती चोरी नसते, असा आमच्या सोलापुरात पक्का समज आहे. शेजारी एकटे राहणारे अण्णा त्याच समजावर रोज सकाळी न विचारता आमच्या फाटकातून आत शिरत आणि पिंडीसाठी बेल तोडून नेत. मी आतून नुसती धुसफुसत असे. आमच्या कुत्र्याला तेवढा संयम नव्हता. एके सकाळी त्यानं अण्णांची पोटरी धरली.

मी मागोमाग त्यांच्या घरी धावले, तोवर अण्णांनी जखमेवर मूठभर शेंगाचटणी थापली होती. "तिखटानं ईख मरतंय की!" ते बोंबलत होते, आणि बोंबलत होते ते चटणीपायीच. मी पाय नळाखाली धरून साबणानं खसखसून धुतला आणि त्यांना स्कूटीवर घालून सरकारी दवाखान्यात नेलं. वाटभर मागून धमकी चालू, "पोलिसात तक्रार देनार. तुमचं कुत्रं उचलायलाच लावतो!" कुत्र्याला लस दिलेली होती, पण ते मोकळं सोडलं होतं मीच.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, पुढच्या तारखा सांगितल्या आणि म्हणाले, "कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा. आजारी पडलं किंवा मेलं तर लगेच या."

अण्णांनी यातून एवढंच घेतलं, की कुत्रं जगलं तर आपण जगलो. दुसऱ्या दिवसापासून बेल विसरून दुधाची तपेली घेऊन ते फाटकाबाहेर हजर. कुत्रं शिंकलं की हे मटकन खाली बसत. "आज भुकलं न्हाय ओ, बरं हाय नव्हं?" त्यानं भुंकावं म्हणून ते स्वतः भुंकून दाखवत. एकदा त्यानं दुधाला तोंड लावलं नाही, तर अण्णांनी स्वतःचंही जेवण सोडलं. इंजेक्शनाच्या तारखांना मात्र मलाच त्यांना ओढून न्यावं लागे.

दहा दिवस सरले. कुत्रं ठणठणीत, वर चांगलं गुबगुबीत झालेलं. आता हे तक्रार देणार या धास्तीनं मला घास जाईना. अकराव्या सकाळीही अण्णा आलेच. मी सरळ विचारलं, "जाणार का पोलिसात?"

फाटकाच्या गजांतून कुत्र्याचं डोकं खाजवत ते म्हणाले, "म्हनलं होतं खरं. पन ह्याला नेलं, तर सकाळी उठून मी कुनाकडं जाऊ?"