सुभाषचा ठेका

आमच्या गावचा सुभाष बॅट घेऊन निघाला, की सदातात्या हलगीवर एक ठेका धरायचे. तो फक्त सुभाषचा. यंदा सुभाष शेजारच्या गावाच्या टीमकडून खेळतोय. त्याचं नावही काढायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं. काल तो आमच्याविरुद्ध मैदानात उतरला आणि तात्यांचे हात सवयीनं सुरू झाले.

"तात्या, तो आपला नाही आता!" मीच ओरडलो.

हलगी थांबली. सुभाषही अर्ध्या वाटेत थबकला, मग मान खाली घालून चालू लागला. तोंडाला राग लगेच शिकवता येतो. हातापायांना कोण समजावणार?

पहिल्याच चेंडूवर त्याचा त्रिफळा उडाला. विकेट आम्ही घेतली होती, पण आमच्या मांडवात एकही टाळी वाजली नाही.