रशीदचाचांची भिंत

रशीद पेंटर भिंत रंगवायला आले, की आधी भिंतीकडे पाठ करून बसत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनात म्हटलं, झालं, हा माणूस आपला दिवस खाणार! भिंतीला टेकून चहा पीत ते निवांत रस्त्यापलीकडच्या पानठेल्याकडे बघत होते. "चाचा, भिंत मागे आहे," मी टोमणा मारला. तर म्हणाले, "भिताड कुठी पळून चाल्लं, सिस्टर? मी वाचनारे पाहून राह्यलो."

मी बोरी अरबकडच्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका. आदल्या हंगामात कपाशीवर फवारताना चक्कर येऊन पडलेला एक माणूस माझ्यासमोर आणला होता. कोणतं औषध मारलं, ते सोबतच्या कुणालाच सांगता येईना. तो वाचला नाही. ते माझ्या जिवाला फार लागलं होतं, म्हणून मला फवारणीच्या विषबाधेची माहिती भिंतीवर लिहून हवी होती. तीही उपकेंद्राच्या आतल्या भिंतीवर. चाचांनी तिथंच मला अडवलं. "इथं तर बाया येते लेकरं घेऊन. फवारनारा सकाळी पानठेल्यावर असते, खर्रा घ्याले." म्हणून पानठेल्यासमोरची ही भिंत.

मग पानठेल्यावर जाऊन त्यांनी माझा कागद मागितला. अठरा ओळी होत्या, रात्रभर जागून सजवलेल्या. पानठेलेवाला एका गिऱ्हाइकाचा खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, प्लास्टिकच्या पन्नीत घोटत होता. चाचांनी घोटणं सुरू होताच मोठ्यानं वाचायला घेतलं. 'विषबाधेची प्राथमिक लक्षणे' ओलांडून चौथ्या ओळीवर येईतो खर्रा झाला, गिऱ्हाईक पन्नी खिशात घालून निघूनही गेलं. "खर्रा घोटेपर्यंत जेवढं वाचून होते ना, तेवढंच लिवा. बाकीचं तुमच्या वहीत ठेवा." मला इतका राग आला की काय सांगू! पण पंधरा ओळी मी माझ्याच हातानं खोडल्या. राहिल्या तीन गोष्टी: फवारताना खर्रा नको, वारा पाठीवर घ्या, चक्कर आली तर औषधाची बाटली घेऊन दवाखान्यात.

ओळींशेजारी चित्र काढायचं होतं. कुठल्याही चित्राचा नमुना ते आधी भाजीवाल्या कासाबाईला दाखवत. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, म्हणून मुद्दाम तिलाच. आडवा पडलेला माणूस आणि शेजारी बाटली बघून ती म्हणाली, "अवं माय, दारू पेऊन पडला का हा?" मी खो खो हसले. चाचा हसले नाहीत. तिथंच खाली बसून त्यांनी माणसाच्या पाठीवर फवारणीचा पंप चढवला आणि बाटली त्याच्या बायकोच्या हातात दिली. ती डॉक्टरकडे निघालेली. आता मात्र कासाबाईनं सगळी गोष्ट धडाधड सांगितली.

भिंतीवर बाई मोठी काढली आणि खाली लिहायच्या साहेब लोकांच्या पाच नावांना जागाच उरली नाही. "चाचा, माझी नोकरी घालवता का?" मी ओरडले. ब्रश पुसत ते म्हणाले, "चक्कर आल्यावर मानूस सायबाचं नाव वाचन काय?" पुढं साहेबांनी मला जे झापलं ते मीच ऐकलं, चाचा नव्हते तिथं.

भाद्रपदात एका दुपारी उपकेंद्रासमोर ऑटो थांबला. आत विलास, दुसऱ्यांच्या वावरात मजुरीनं फवारणारा, तोंडातून लाळ, डोळे फिरलेले. शेजारी त्याची बायको सुनीता, आणि तिच्या हातात पन्नीत गुंडाळलेली औषधाची बाटली. मी नाव वाचलं, मोठ्या दवाखान्यात फोन केला. गाडी पोचेतो तिथं तयारी झाली होती. चौथ्या दिवशी विलास पेज प्याला.

"बाटली घ्यायचं कसं सुचलं गं?" मी सुनीताला विचारलं. "मले वाचता कुठी येते, सिस्टर? थ्या भिताडावरची बाई घेऊन जाते ना, म्हून म्याबी घेतली."

मी धावत चाचांच्या घरी गेले. सांगता सांगता रडायलाच लागले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले आणि म्हणाले, "मंग सांगा आता, थे पाच नावं कुठी लिवू?"

यंदा चाचा गेले. त्यांचा ब्रश त्यांच्या मुलीनं मला दिला. हंगामाआधी भिंतीचा रंग मीच उजळायला बसले. वावरात निघालेली सुनीता थांबली. म्हणाली, "सिस्टर, तिचं लुगडं हिरवं करा ना. त्या दिशी माह्यं हिरवं होतं."

मी पदराला पहिला हिरवा हात दिला. मग ब्रश तसाच धरून रस्ता ओलांडला आणि पानठेल्यावर जाऊन उभी राहिले. कुणाचा तरी खर्रा घोटला जात होता. तो घोटून होण्याआधीच मला भिंतीवरचं सगळं दिसलं.

दिसते, चाचा. इथून चांगलं दिसते.