अकरा डबे संत्र्याच्या साली

निम्म्या साली खरवडून झाल्या होत्या, निम्म्या परातीत कोमट पाण्यात पडून होत्या, आणि नाकवाली हातात सुरी तशीच धरून बसली होती. संत्र्याच्या सालीच्या आतलं पांढरं काढलं नाही तर साल कडू राहते. ते काढायचं, मग साली तीनदा उकळायच्या, तिन्ही वेळा पाणी फेकायचं, मंद आचेवर पाकात मुरवायच्या, वाळवायच्या आणि पिठीसाखरेत घोळवायच्या. साली कोपऱ्यावरचा रसवाला फुकट देई. त्याच्या लेखी तो कचराच. खर्च काय तो साखरेचा आणि गॅसचा. एवढ्यावर ती दर नाताळला अकरा घरी डबे पोचवायची. घरोघरी विकतचे केक यायचे, पण वाट बघितली जायची ती या डब्याची.

नाकवाली हे नाव गल्लीनं ठेवलेलं. एका खानावळीत ती बारा वर्षं स्वयंपाकाला होती. दूध खाली लागायच्या आधी ती लांबून ओरडायची, "गॅस बारीक करा गं!" पिठाचं पोतं न सोडता सांगायची, परत पाठवा, जुनं आहे. मार्चमध्ये तिला ताप आला. आठ दिवसांनी गेला, पण जाताना नाक घेऊन गेला. गोड, खारट, आंबट, कडू एवढं जिभेला कळे. बाकी सगळं सारखंच. डोळे मिटले तर कांदा खातोय की सफरचंद, सांगता येईना. दोनदा पातेलं करपलं तेव्हा खानावळीच्या मालकानं "थोडी विश्रांती घ्या" म्हणून हात जोडले, आणि ती विश्रांती अजून संपली नव्हती. डॉक्टर म्हणाले, वाट बघा. सप्टेंबरात पुन्हा गेली तेव्हाही ते हेच म्हणाले, पण या वेळी कागदाकडे बघून.

नवरा रंगारी. तीस वर्षं थिनर आणि टर्पेंटाईन हुंगून त्याचं नाक केव्हाच बोथट झालेलं. पूर्वी तो चारचौघांत सांगायचा, "आमच्या घरात दोन माणसांत मिळून एकच नाक आहे, आणि ते हिच्याकडे आहे." मार्चनंतर त्यानं हा विनोद सोडला.

नाक गेल्याचं त्या दोघांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि कळू द्यायचंही नव्हतं. चर्चमागच्या मुलींच्या वसतिगृहातली म्हातारी स्वयंपाकीण जानेवारीत काम सोडणार होती. वसतिगृह चालवणाऱ्या मोठ्या सिस्टरनी प्रार्थनेनंतर नाकवालीला थांबवून त्या जागी याल का, असं स्वतः विचारलं होतं. "तुमचा डबा आला की मुली तळ पुसून खातात. यंदाचा येऊ दे. नाताळ झाला की या, मग बोलू." तेव्हापासून तिनं एक वही केली होती. किती माणसांना किती मीठ, किती मिनिटं आच, सगळं मापून लिहायचं. नाकानं जे व्हायचं ते वहीनं करायचं. तिथं मदतीला दोघी असतील, वास त्यांना येईल, असंही तिनं मनाशी घोकलं होतं. आणि देवाला सांगितलं होतं, नाताळपर्यंत गोडाचा कण तोंडात घालणार नाही, माझं नाक मला परत दे. हे ऐकून नवऱ्यानंही चहातली साखर सोडली. त्याला चहाशिवाय दुसरं व्यसन नव्हतं, म्हणजे त्यानं सोडलं ते पुष्कळच.

"अगं, बसलीस काय? पाणी गार होतंय," नवरा दारातून म्हणाला. त्याच्या हातात पोतं होतं, आणि पोत्यात डबे खणखणत होते.

दरवर्षी रंगाच्या दुकानातून त्याला पोचे आलेले कोरे डबे मिळत, एक लिटरचे, पत्र्याचे. आत बटर पेपर लावला, वरून शिंपीणकाकूंकडची कापडाची पट्टी बांधली, की डबा देखणा दिसे. यंदा दुकानदारानं हात वर केले. मग नवऱ्यानं कामावरचे रिकामे डबे गोळा केले. ज्यांना रंगाचा ठिपका होता ते फेकले. जे आतून आरशासारखे स्वच्छ होते तेवढेच आणले, साबणानं तीनदा धुतले आणि दोन दिवस उन्हात ठेवले.

"बघ, एकाला तरी डाग आहे का?"

नव्हता. तिनं एक डबा उचलून सवयीनं नाकाशी नेला. पूर्वी कोऱ्या डब्यांतूनही ती दोन-तीन बाजूला काढायची, तेलाचा वास आहे म्हणून. आता डबा नाकाशी धरला काय आणि भिंत धरली काय.

"कुणाला तरी हुंगायला द्यायला हवेत," ती म्हणाली.

"कुणाला?"

तिनं डबा परत पोत्यात ठेवला. ज्याला विचारावं तो पहिल्यांदा हेच म्हणाला असता, तू हुंग की, तू नाकवाली ना!

दोन दिवसांनी दुपारी, साली पाकातून काढून वाळत घातल्या होत्या तेव्हा, शिंपीणकाकू पट्ट्या घेऊन वर आल्या. खालच्या मजल्यावर त्यांची दोन मशीन्स होती. त्यांची जीभ मशीनपेक्षा जोरात चाले, पण मायाही तेवढीच.

"काय गं, यंदा एवढा गप्प कारभार? दे एक साल, चव बघते."

"नाही काकू. नाताळच्या आधी नाही."

"अगं, देव काय माझ्या एका सालीचा हिशोब ठेवतोय?"

"तुमचा डबा तुम्हाला मिळेलच की."

"मोठी शिस्तीची! बरं बाई, तुझा डबा तुझ्यापाशी." काकू पट्ट्या ठेवून निघून गेल्या. त्यांना त्या दुपारी एक साल दिली असती तरी काही बिघडलं नसतं, साली तोवर चांगल्याच होत्या. डबा हुंगायला दिला असता तर सगळंच वाचलं असतं. पण तेवढं सोडून ती बाकी सगळं नीट करत राहिली. साली एकसारख्या कापल्या, साखर चाळून घेतली, कागद मापानं बेतले.

तेविसाव्या तारखेला डबे भरले, झाकणं हातोडीच्या दांड्यानं ठोकून घट्ट बसवली. प्रत्येक झाकणावर हात ठेवून ती त्या घरासाठी प्रार्थना पुटपुटली. वसतिगृहाच्या डब्यावर हात जरा जास्त वेळ राहिला. चोविसाला सकाळी तिनं अकराही घरं केली. मोठ्या सिस्टरनी डबा दोन्ही हातांनी घेतला. "आज उघडणार नाही हं. उद्या मुलींसमोर."

नाताळच्या दिवशी प्रार्थना झाल्यावर लोक बाहेर आवारात थांबले. दरवर्षी तिथं तिच्याभोवती गराडा पडायचा. यंदा लोक लांबूनच हात हलवत होते. रसवाल्याची बायको म्हणाली, "मिळाला हं डबा." शाळेतले जुने मास्तर म्हणाले, "आठवण ठेवलीत, बरं वाटलं." दोघांनीही सालींचं नाव काढलं नाही. नाकवाली सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. गोड कमी पडलं असेल का? कडू राहिल्या का?

मग शिंपीणकाकूंनी तिचा दंड धरला आणि भिंतीच्या आडोशाला नेलं.

"खरं सांग, तुझं माझ्याशी काही बिनसलंय का?"

"असं काय म्हणता काकू?"

"अगं, मग त्या साली! तोंडात टाकली तर रंगच खाल्ल्यासारखं. घरभर वास सुटला, जावई म्हणतात, कुणाकडे घर रंगवायला काढलंय? मला वाटलं माझाच डबा चुकला. तर रसवाल्याकडेही तेच, मास्तरांकडेही तेच. तुला कळलं नाही? तुला?"

नवरा मागेच उभा होता. त्याचा चेहरा उतरला. रंगाचे डबे डागाळतात. अजिबात डाग पडत नाही तो फक्त थिनरच्या डब्यात. त्यानं निवडून निवडून तेच आणले होते. साबणानं पत्रा स्वच्छ होतो, पण झाकणाच्या खाचेत मुरलेला वास जात नाही, आणि बंद डब्यात साखर तो ओढून घेते.

"मीच आणले," तो काकूंना म्हणाला. "तिची चूक नाही."

"अरे, पण तिनं हुंगले नाहीत?"

नाकवालीनं मग काकूंना सांगितलं. मार्चपासूनचं सगळं, उभ्या उभ्या, चार वाक्यांत. काकूंनी तोंडावर पदर धरला.

वसतिगृहात ती तशीच गेली, नवऱ्याला फाटकाशी थांबवून. मोठ्या सिस्टर जेवणघरात होत्या. टेबलावर तिचा डबा होता, झाकण परत बसवलेलं. कोपऱ्यात दोन मुली उलट्या बादल्यांवर बसून कागदाच्या चांदण्या कापत होत्या. तिला बघून त्या उठून बाहेर गेल्या.

"सिस्टर, कुणाला त्रास झाला का?"

"एकीनं खाल्ली, थुंकली, आणि सगळ्या हसल्या. बाकी काही नाही. बसा."

ती बसली नाही. तिनं इथंही सगळं सांगितलं. वहीचं सांगितलं, मापांचं सांगितलं. "डबे चुकले सिस्टर, साली नाही चुकल्या. मी मापून स्वयंपाक करीन. एक महिना बघा फक्त."

सिस्टरनी डब्यावरची पट्टी सरळ केली. "बाई, हे मला आधी सांगितलं असतंत तरी मी नाहीच म्हटलं असतं. साठ मुली आहेत. भांडारात काही सडलं, रात्री गॅस सुटला, तर पहिल्यांदा कळायला हवं ते स्वयंपाकिणीला. तुमच्या हातावर माझा विश्वास आहे. पण नुसत्या हातावर साठ जणी सोपवू शकत नाही." मग म्हणाल्या, "मी तुमच्यासाठी प्रार्थना करते."

"मीही करतेय, सिस्टर," ती म्हणाली. "नऊ महिने."

सिस्टर तिच्याबरोबर फाटकापर्यंत आल्या.

घरी आल्यावर नवऱ्यानं चहा केला. नाताळ आला होता, नवस संपला होता, म्हणून दोन्ही कपांत साखर घातली. तिनं घोट घेतला. गोड लागला. नुसता गोड, गरम पाण्यासारखा. देवानं ऐकलं नाही असं ती म्हणाली नाही. तिच्या मनात आलं ते एवढंच, की ऐकलं असेल, आणि उत्तर हेच असेल. ते तिनं नवऱ्यालाही सांगितलं नाही. तो कपाकडे बघत म्हणाला, "माझ्या हातून गेलं सगळं." ती म्हणाली, "तुम्ही तीनदा धुतलेत."

दुपारी काकू वर आल्या. या वेळी टोमणा नाही, काही नाही. म्हणाल्या, शाळेच्या गणवेशांची काजं-बटणं करायची पडली आहेत, मार्चपर्यंत काम आहे, पुढचं काही सांगता येत नाही. नाकवालीनं सुई-दोरा घेतला, तीनदा ओवून बघितला, तिन्ही वेळा चुकला. नाक होतं तोवर ती भाजीही नाकानंच निवडत आली होती. जवळचं नीट दिसत नाही हे तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकानं उघडल्यावर ती डोळे तपासायला चष्म्याच्या दुकानात निघाली.