पत्त्यावरची काळी पट्टी

वकीलताई बावन्न वर्षांच्या. सव्वीस वर्षं वकिली केली, ती बहुतेक नवऱ्याचा मार खाल्लेल्या बायकांसाठी. कोर्टाचं काम ऑनलाइन झालं तेव्हा त्यांच्या बरोबरीचे वकील कुरकुरत बसले. त्या व्हिडिओ बघून सगळं शिकल्या. "आमच्याकडे रिमोट यांचा, कॉम्प्युटर माझा," असं म्हणायच्या. मी त्यांची शेजारीण, वयाने निम्मी. साहित्यात एम.ए. केलं म्हणून अर्जांचं शुद्धलेखन तपासायला मला बसवायच्या.

कपडे शिवणारी एक बाई नवऱ्याला सोडून बहिणीकडे लपली होती. त्याने तिचा हात दोनदा मोडला होता. संरक्षणाच्या अर्जात राहता पत्ता होता, आणि अर्जाची प्रत ईमेलने नवऱ्यालाही जाणार होती. म्हणून ताईंनी स्क्रीनवरच पत्त्यावर काळी पट्टी ओढली आणि अर्ज कोर्टाच्या साइटवर चढवला.

मंगळवारी सकाळी अकराला आम्ही त्या बहिणीच्या घरी गेलो. प्रतिज्ञापत्रावर सही हवी होती.

"इथे ना, ताई?"

"आणि खाली. जरा दाबून कर, पेन उमटत नाही."

ती हसली. तेवढ्यात दार वाजलं. बहिणीने उघडलं.

दारात तिचा नवरा होता, हातात लोखंडी पाना. पहिला घाव बहिणीच्या खांद्यावर बसला. ती उंबऱ्यातच कोसळली. दुसरा बायकोच्या जबड्यावर. आवाज कोरडा होता. तिच्या तोंडातून रक्ताबरोबर दात पडले. ती खाली पडल्यावरही तो मारत राहिला. "कोर्टात जातेस? जा." प्रत्येक शब्दाला एक घाव. ताईंनी लॅपटॉप उचलून त्याच्या कपाळावर हाणला. त्याने त्यांच्या पोटात लाथ घातली. त्या उठल्या, त्याच्या मनगटाला कडकडून चावल्या आणि शेजारी येईपर्यंत सोडलं नाही.

मी भिंतीला चिकटून उभी होते. मी काहीच केलं नाही.

शेजाऱ्यांनी त्याला पालथा पाडला तेव्हा त्याच्या खिशातून अर्जाची छापील प्रत पडली. पट्टी काळीच होती. खाली पेनाने पत्ता लिहिलेला, मजल्यासकट.

इस्पितळातल्या बाकावर ताईंनी फोनवर तो अर्ज उघडला. पट्टीवर बोट दाबून ओढलं, कॉपी केलं आणि मला पाठवलं. माझ्या फोनवर बहिणीचा पत्ता आला.

"कागदावर मी मार्कर फिरवायचे," त्या म्हणाल्या. "मग झेरॉक्स काढायची आणि ती द्यायची. मूळ कागद उजेडात धरला की खालचं दिसतं ना. इतकी वर्षं एकदाही चुकले नाही. या वेळी मूळ कागदच हातात दिला."

"हे कुणाला कळायलाच हवं का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तिला."

तिचा जबडा तारेने बांधलेला होता. ती वहीत लिहायची. तिसऱ्या दिवशी तिने लिहिलं, 'आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. त्याला पत्ता कुणी दिला?'

"मी," ताई म्हणाल्या. मग पट्टी कशी ओढली, खालची अक्षरं कशी तशीच राहिली, सगळं सांगितलं. माफी मागितली, एकदाच.

तिने वही ओढली.

'केस तुम्हीच चालवा. नवा पत्ता तुम्हाला सांगणार नाही.'

ताईंनी ते दोनदा वाचलं.

"नको सांगूस," त्या म्हणाल्या.